कापराची पुडी

माझ्या मार्गदर्शक सरांना मी आवडत नव्हते आणि मला ते. नव्वदच्या दशकात सांगलीत मी औषधशास्त्र शिकत होते आणि माझ्या प्रबंधाचा विषय त्यांना पोरकट वाटायचा. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाची कातडी इतकी कोवळी असते, की वरून चोळलेलं औषध आत रक्तात उतरतं. किती उतरतं, ते मला मोजायचं होतं. बाळाची कातडी कोण देणार? म्हणून मी बोकडाच्या कानाची कातडी सोलायचे, तिच्यावर सेलोटेप वीस-वीस वेळा चिकटवून ओढायचे. वरचा राठ थर निघाला, की झाली माझी सातमाशा पोराची कातडी. ती काचेच्या भांड्यात मधोमध ताणायची. वर औषध, खाली मिठाचं पाणी.

"उरलेल्या मुंडीचा रस्साही आणत जा," असं सर सगळ्यांसमोर म्हणाले होते. तेव्हा कोण कोण हसलं, ते मला अजून आठवतं.

मटणवाला तर सरांच्या वरताण. कान भाजू नकोस, वस्तऱ्याने केस काढ, हे त्याला महिनाभर पढवलं. एका सकाळी पुडी सोडली तर कान पिवळेधमक. गिऱ्हाइकाला मुंडी देताना हळद चोळतात, तशी त्याने चोळली होती.

"आवं बाई, रोजचं गिऱ्हाईक तुमी. हळदीबिगर तसंच द्यायचं व्हय?"

त्याला मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दिवस वाया गेला होता. तोंड फुगवून मी कान धुतले, एक कातडी टेपने सोलली, एक तशीच ठेवली आणि चिडूनच दोन्हींवर हळद-तेल फासलं. घ्या हळद! दुपारी पाहिलं तर साध्या कातडीखालचं पाणी नितळ होतं. सोललेल्या कातडीखालचं पिवळं झालं होतं.

ते पिवळं पाणी पाहताना मला कापूर आठवला.

बहीण बाळंतपणाला कुंडलला आमच्या घरी आली होती. सातव्या महिन्यातच मुलगा झाला आणि आईने हट्टाने आठव्या दिवशी त्याला दवाखान्यातून घरी आणलं. त्याला सर्दी झाली, तेव्हा खोबरेलात घालून छातीला चोळायला आदल्याच दिवशी आईने माझ्याकडे कापूर मागितला. बाजारातला कापूर भेसळीचा, म्हणून मी शहाणीने प्रयोगशाळेच्या बाटलीतला शुद्ध कापूर पुडीत बांधून दिला. कापूर अंगात भिनला की तान्ह्याला झटके येतात, हे उत्तर परीक्षेत लिहून मी पैकीच्या पैकी गुण घेतले होते. पण माझ्यासाठी कातडी म्हणजे बोकडाची. भाच्यालाही कातडी असते, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आणि मी सरांना मठ्ठ म्हणत होते.

मिळेल त्या एसटीने कुंडल गाठलं. बाळ हातपाय झटकत होतं, डोळे वर गेले होते, आणि आई मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढत होती. मी बाळ तिच्यापुढून अक्षरशः हिसकावलं, कोमट पाण्याने तेल पुसलं आणि शेजाऱ्यांच्या जीपने आम्ही तिघी त्याला घेऊन सांगलीला निघालो. वाटेत मी आईला काय काय बोलले! अडाणी म्हणाले. दोन्ही पोरींना वाढवलं ते नशिबाने, असंही म्हणाले. बहीण रडत होती. आई खिडकीबाहेर पाहत राहिली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय लावलं होतं?

"कापूर," मी म्हणाले.

"एवढ्याशा जिवाला? दिला कुणी कापूर?"

मी आईकडे पाहिलं.

"म्याच आणला, म्याच चोळला," आई म्हणाली. "हिला काय बी ठावं न्हाई."

डॉक्टरांनी तिला सगळ्या वॉर्डादेखत झापलं. ती मान खाली घालून ऐकत होती आणि मी शेजारी, हातात बाळाचं दुपटं धरून उभी होते.

पोरगं वाचलं. माझा प्रबंधही झाला. सरांनी न वाचताच सही केली. पुडी कुणाची होती, ते आईने शेवटपर्यंत बहिणीला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.