‘ब्रिंग’ची तीन रूपं

कुठंही शाळेतलं मूल दिसलं की आमचे इंग्रजीचे सर उजव्या हाताची तीन बोटं वर करायचे. बोलायचे काही नाहीत. मुलानं त्या दिवसाच्या इंग्रजी क्रियापदाची तिन्ही रूपं म्हणायची. एकेक रूप बरोबर आलं की एकेक बोट खाली यायचं. एखादं वरच राहिलं तर ते त्या बोटाकडं बघून म्हणायचे, "हे उपाशी राहिलं."

एकदा एस.टी.त चढल्यावर त्यांनी मागच्या बाकावरच्या मुलाला अशी बोटं दाखवली आणि कंडक्टरनं तीन तिकिटं फाडून हातात दिली. सरांनी ती मुकाट्यानं घेतली. मात्र उतरेपर्यंत कंडक्टरकडूनही ‘टेअर’ची तिन्ही रूपं वदवून घेतली.

तुम्हीही असा एखादा इंग्रजीचा मास्तर पाहिला असेल. आमचे सर, म्हणजे मी मराठी शिकवायचो त्याच शाळेतले, आटपाडीकडचे, छप्पन्न साली बौद्ध झालेल्या घरातले. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या कृष्णाकाठच्या गावी ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आले. गावात त्यांना खोली मिळाली नाही. हेडसरांनी प्रयोगशाळेमागची अडगळीची खोली रिकामी करून दिली. परवा सांगलीत, हळदीच्या पेठेत, एका जुन्या सहकाऱ्याकडून कळलं की सर वारले. घरी आलो, वाचायला पुस्तक घेतलं, पण पान उलटेना.

आमच्या शाळेत एक जुनी चाल होती. प्रश्नाचं उत्तर ज्यांना येत नाही त्यांनी उभं राहायचं, आणि ज्याला येतं त्यानं एकेकाच्या थोबाडीत मारत जायचं. मास्तरांचा हात दुखत नसे आणि वर्गाला करमणूक होई. सरांना ती चाल आवडत नव्हती. पण माणूस नवा, नेमणूक तात्पुरती. पहिले काही महिने त्यांनी ती चालू दिली.

एप्रिलमध्ये शाळा समिती त्यांना कायम करणार की नाही ते ठरवणार होती. आटपाडीकडं तेव्हा पावसानं पाठ फिरवली होती. घरी आई आणि दोन धाकटी भावंडं सरांच्याच पगारावर होती. समितीचे अध्यक्ष म्हणजे लष्करातून परतलेले, उसाचे मोठे बागायतदार. त्यांना सगळे सुभेदारच म्हणत. त्यांचा मुलगा नववीत होता.

त्या दिवशी नववीत ‘ब्रिंग’ चालू होतं. मी पलीकडच्या वर्गात मराठी शिकवत होतो. मधे लाकडी पार्टिशन, त्याच्या फळ्यांना फटी. तिकडचं सगळं ऐकू यायचं आणि थोडं दिसायचंही.

"ब्रिंग, ब्रँग, ब्रंग," पहिला मुलगा म्हणाला.

"तो ‘सिंग’चा भाऊ नव्हे. उभा राहा."

वर्ग हसला. मग दुसराही ब्रँगच म्हणाला, तिसराही. बघता बघता मुलांची मागची रांग उभी राहिली. शेवटी सुभेदारांचा मुलगा. मग मुलींकडून आवाज आला, "ब्रिंग, ब्रॉट, ब्रॉट."

मुलगी बौद्धवाड्यातली होती. चालीप्रमाणे ती बाकावरून उठली, मुलांच्या रांगेपर्यंत आली आणि थांबली. माझ्या हातातला खडूही थांबला.

मार म्हणावं, तर संध्याकाळपर्यंत गोष्ट तिच्या घरच्यांवर शेकणार होती. जाऊ दे म्हणावं, तर तिलाच का सूट दिली ते प्रत्येकाला कळणार होतं. आदल्याच आठवड्यात एका कुंभाराच्या पोरानं याच रांगेवर हात साफ करून घेतला होता.

"मारू नकोस," सर म्हणाले. "समोर उभी राहा. तू म्हण, तुझ्यामागून तो म्हणेल. म्हटलं की बसला."

मुलं पुटपुटत म्हणाली आणि एकेक करून बसली. सुभेदारांच्या मुलापुढं ती उभी राहिली.

"ब्रिंग."

तो खिडकीबाहेर बघत राहिला.

"ब्रिंग," ती पुन्हा म्हणाली. घंटा झाली.

"राहिलेलं उद्या," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी इंग्रजीचा तास सुरू होताच मुलगा आपण होऊन उभा राहिला. ती समोर गेली. तो बोलला नाही. तासभर तसाच उभा होता.

संध्याकाळी मी सरांच्या खोलीवर गेलो. ते स्टोला पंप मारत होते.

"बसवा त्याला," मी म्हणालो. "एप्रिल जवळ आलाय."

"तीनच शब्द आहेत हो." मग स्टोकडं बघतच म्हणाले, "माझ्या आईला कळलं तर ती म्हणेल, ‘बस’ म्हण की रं बाबा त्याला एकदा."

तिसऱ्या दिवशी सुभेदार आले. हेडसरांच्या खोलीत सरांना बोलावलं, सोबतीला म्हणून मलाही. सुभेदारांनी आवाज चढवला नाही.

"मास्तर, पोरगं चुकलं तर मारा की. छड्या वढा, मी इचारणार न्हाई. पर त्या पोरीच्या मागनं म्हणाय लावू नगा."

"मारलं असतं तर तो तेव्हाच बसला असता," सर म्हणाले. "क्रियापद आलं नसतं."

"क्रियापदाचं ऱ्हाऊ द्या. एप्रिलात ऑर्डर कोण देतंय, ठावं हाय न्हवं?"

"ठाऊक आहे."

हेडसर टेबलावरची काच पुशीत राहिले. सुभेदार उठले, चपला घातल्या आणि सरांकडं न बघता गेले.

सर खरे हलले ते संध्याकाळी. मुलीचे वडील आले. ते सोसायटीच्या गोदामात हमाली करत. खोलीत येईनात, दारातच उभे.

"सर, तुमी आमच्यातलं. तुमाला काय सांगायचं? पण तुमी उद्या दुसऱ्या गावाला जाशीला. आमाला हितंच ऱ्हायचंय. पोरगी चुकली म्हणा, आन् मिटवा."

"ती चुकलेली नाही, दादा."

"व्हय, न्हाई चुकली. म्हणून तर हात जोडतोय."

ते गेल्यावर पुष्कळ वेळ दार तसंच उघडं होतं.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली नाही. मुलगा मात्र उभा राहिला.

"वदवून घेणारी आलेली नाही," सर म्हणाले. "तू बस."

"न्हाई."

"का?"

"तुमीच म्हणला न्हवं, म्हटल्याबिगर बसायचं न्हाई."

कुणीतरी हसलं. सरांनी पुन्हा बस म्हटलं नाही. फळ्यावर धडा लिहायला लागले. त्याच्या पुढच्या दिवशीही तसंच. मुलीचा बाक रिकामा, मुलगा उभा. मधल्या सुट्टीत सर मला म्हणाले, "तिची शाळा सुटली तर ती माझ्यामुळं. नोकरी मला दुसरी मिळेल." त्या दिवशी त्यांनी कुणालाही बोटं दाखवली नाहीत.

सोमवारी ती आली. तिची आई फाटकापर्यंत सोडायला आली होती आणि घंटा होईपर्यंत तिथंच उभी राहिली. इंग्रजीच्या तासाला सरांनी काही सांगायच्या आत ती उठली आणि त्या मुलासमोर जाऊन उभी राहिली.

"ब्रिंग."

माझा वर्गही कान देऊन बसला होता. मी कुणाला दटावलं नाही.

"ब्रिंग," मुलगा म्हणाला.

"ब्रॉट."

"ब्रॉट."

"ब्रॉट."

त्याचे ओठ हलले असावेत.

"ऐकाय न्हाई आलं," ती म्हणाली.

मी फटीला डोळा लावला. मुलाच्या मुठी वळल्या होत्या. सर खुर्चीची पाठ धरून उभे होते.

"ब्रॉट," तो मोठ्यानं म्हणाला आणि बसला. बाक करकरला. सरांनी पाठ फिरवून फळ्यावर पुढचं क्रियापद लिहिलं.

एप्रिलमध्ये ऑर्डर आली नाही. कारण कुणी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. मी ट्रंकेची एक कडी धरून स्टँडपर्यंत गेलो. "घरी पाणी भरायला एक माणूस वाढला," एवढंच ते म्हणाले. पुढं शिरवळकडं कुठल्याशा शाळेत लागल्याचं कानावर आलं.

जूनमध्ये नवे सर आले. चांगले होते, हसतमुख. तो वर्ग आता दहावीत गेला होता आणि पार्टिशनपलीकडंच बसत होता. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ‘कॅच’ विचारलं. कुणीतरी त्यांना शाळेची चाल सांगितली असावी. काही मुलं उभी राहिली, त्यांत सुभेदारांचा मुलगाही होता. उत्तर तिनंच दिलं.

"शाब्बास," नवे सर म्हणाले. "आता लाव एकेकाला."

थोड्या वेळानं सुभेदारांचा मुलगा बोलला.

"सर, आमच्या वर्गात मारत न्हाईत. म्हणून घेत्यात."

"असं? कुणी ठरवलं?"

बाकांवर चुळबुळ झाली.

"बरं, घे म्हणून," नवे सर म्हणाले. मग फळीपलीकडं तिची पावलं मुलांच्या बाकांकडं जाताना ऐकू आली.

तास संपल्यावर आमच्या सरांना हे सांगावं म्हणून मी हजेरीपट काखेत घेऊन सवयीनं तडक प्रयोगशाळेमागं गेलो. दाराला कुलूप होतं. पायरीवर मुलांनी पावसात भिजलेले जोडे वाळत घातले होते.