आईची पदवी आणायला गेलो तेव्हा

“एवढी बी.ए. झाली म्हणं, अन् तोंडात जीभ न्हाई पोरीला.”

माझ्या मागच्या सीटवरची म्हातारी शेजारच्या बाईला सांगत होती. आपण हळू बोलतोय असं तिला वाटत असावं. पण जिंतूर सोडल्यापासून आमची एसटी खड्ड्यांतून चालली होती आणि इंजिनाच्या वर आवाज काढायचा तर ओरडावंच लागत होतं. तिच्या हातात आमचाच अर्धा पेढा होता.

मी मागे वळले नाही. मी बी.ए. झालेली नव्हते, बारावीत होते. बी.ए. होती माझी आई, आणि औरंगाबादला आम्ही तिचीच पदवी आणायला निघालो होतो. आई, बाबा, मी आणि बाबांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या. आई-बाबा तिला अक्का म्हणतात.

घोटाळा आत्याच्या पेढ्यांनी केला. झरीला गाडीत बसल्या बसल्या तिनं पुडा सोडला. बाबा म्हणाले, “अक्का, येताना वाटू की.” तर ती म्हणाली, “पास होऊन सात साल झाले तिला. आनखी किती थांबायचं?” शेजारच्यांना, मागच्यांना आणि शेवटी कंडक्टरलाही पेढा मिळाला.

“कशाचे पेढे, मामा?” कंडक्टरनं बाबांना विचारलं.

बाबा वीज मंडळात वायरमन आहेत. पावसात खांबावर चढायला न घाबरणारा हा माणूस क्षणभर अडखळला. “घरात डिग्री आली,” एवढंच म्हणाले.

कंडक्टरनं आमच्यावरून नजर फिरवली. नऊवारीतली आत्या, जाड भिंगांचा चष्मा लावून मांडीवर भाकरीचा डबा धरलेली आई, आणि पंजाबी ड्रेसमधली, खांद्याला पर्स लावलेली मी. “वा ताई, अभिनंदन!” तो मला म्हणाला. मी आईकडे पाहिलं. आई हसली आणि तिनं मान डोलावली. तेवढ्यावर मी बी.ए. झाले.

आईनं खरं का सांगितलं नाही, हे मला विचारावं लागलं नाही. बी.ए. तुम्ही? हो. कधी? सात वर्षांपूर्वी. मग पदवी आत्ता का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे नामांतर, आणि तो शब्द भरल्या गाडीत काढायचा म्हणजे आपण कोण हे सांगून टाकायचं.

आई झरीच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. शाळा आणि स्वयंपाक सांभाळून तिनं बाहेरून परीक्षा दिल्या. पास झाली तेव्हाच म्हणाली, “विद्यापीठाला नाव लागू दे. मगच पदवी घेईन.” आमच्या घरात बुद्धाच्या मूर्तीशेजारी ज्यांचा फोटो आहे, त्यांचं नाव. ही मागणी पहिल्यांदा पेटली त्या वर्षी आईच्या माहेरची वस्ती जाळली गेली होती. तिची मॅट्रिकची सर्टिफिकिटं त्यात गेली. याहून जास्त ती त्याबद्दल बोलत नाही. शेवटी नाव लागलं आणि तिनं पदवीदान समारंभासाठी अर्ज केला. पण विद्यापीठाच्या कमानीवरचं नाव बदललं म्हणून गाडीतली माणसंही बदलली असतील, याची खात्री कोण देणार?

मी तर गप्प राहण्यात तरबेज. परभणीच्या माझ्या इंग्रजी शाळेत नामांतराच्या मोर्चामुळे लवकर सुट्टी झाली की मुली टाळ्या वाजवायच्या. मीही वाजवायचे.

देवगाव फाट्याला गाडी चहासाठी थांबली. माघ सरत आला होता. रस्त्याच्या कडेला बायका ढाळे (ओल्या हरभऱ्याच्या डहाळ्या) घेऊन बसल्या होत्या आणि मागे करडई पिवळीधमक फुललेली. मागच्या सीटवरच्या म्हातारीनं ढाळ्यांची एक पेंडी घेतली आणि त्यातली निम्मी माझ्या मांडीवर टाकली.

“खा माय. शिकून शिकून वाळलीस पार.”

मी “थँक्यू” म्हणाले. ती शेजारणीला म्हणाली, “बोलती, बोलती. पर विंग्रजीत.”

मंठा, जालना करत आम्ही दुपारी औरंगाबादला पोचलो. स्टँडजवळच्या लॉजवर एक खोली घेतली. त्यातला पंखा बटण दाबल्यावर नुसता हुंकार द्यायचा. बाबांनी शर्ट काढला, खुर्चीवर चढले आणि पंधरा मिनिटांत तो फिरवला. आत्या खाटेवर आडवी होऊन म्हणाली, “तुका, सुट्टीवर हायस नव्हं तू?”

संध्याकाळी मकबरा पाहिला. संगमरवर खालून सुरू होतो आणि वर जाईपर्यंत चुना होतो, पण उतरत्या उन्हात सगळा एकच रंग दिसत होता. फाटकावरच्या माणसानं सांगितलं, की हा बादशहाच्या मुलानं आईसाठी बांधला. आत्यानं पदर सावरला आणि मला कोपरानं ढोसलं.

“ऐकलंस सुजे? लेकानं आईसाठी एवढं केलं. तू काय करणार हायस?”

“तिला आधी बारावी होऊ द्या,” आई म्हणाली.

रात्री बाबांनी आम्हाला नान खलिया (मटणाचा तिखट रस्सा आणि तंदुरातली जाड रोटी) खायला नेलं. हॉटेल साधं होतं, लाकडी बाकांचं. आईच्या चष्म्यावर वाफ धरली. तिनं तो काढून पदराला पुसला आणि तसंच, चष्म्याशिवाय, समोर पाहत म्हणाली, “उद्या मला उभं राहता येईल ना नीट?” बाबा हसले. “वर्गात दिवसभर उभीच असतीस की.”

विद्यापीठात सकाळी लवकर पोचलो. रिक्षातून उतरताच कुणीतरी “जयभीम!” म्हणालं आणि बाबांनी इतक्या मोठ्यानं उलट “जयभीम” घातला, की रिक्षावाला दचकला. झरीत बाबा हे हात जोडून, पुटपुटल्यासारखं म्हणतात. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

पदवीचे काळे झगे भाड्यानं मिळत होते. रांगेत आई पुढे, मी मागे तिचा डबा आणि पर्स धरून. आमची पाळी आली तेव्हा झगेवाल्यानं आईच्या डोक्यावरून हात लांबवला आणि झगा सरळ माझ्या खांद्यांवर टाकला.

“ताई, उंची बरोबर बसली बघा.”

मी खुंटीसारखी उभी राहिले. हात बाहीत घालावेत की नाहीत, तेही कळेना. आत्यानं मात्र सगळी रांग वळून पाहील अशा आवाजात सांगितलं, “अवो भाऊ, ती न्हाई! ही! ही चश्मेवाली!”

रांग हसली. आमच्या मागे केस पांढरे झालेला एक माणूस होता. त्यानं आईला विचारलं, “तुम्ही पण थांबला होतात का, ताई?”

“सात वर्षं,” आई म्हणाली.

“मी अकरा.” मग तो झगेवाल्याला म्हणाला, “नीट घाल रे बाबा. साधा झगा न्हाई हा.”

आई बुटकी आहे. झगा तिच्या पायांत येत होता. आत्यानं बांगडीतल्या पिना एकेक करून काढल्या आणि तिथंच गुडघ्यावर बसून झगा सगळीकडून वर टाचला. तोंडात पिना धरून बोलत होती, “हालू नको, कमल. हालू नको. लगनात बी अशीच हालत होतीस.”

सभागृहात पदवीधर पुढे आणि घरचे मागे. भाषणं झाली, मला त्यातलं काही आठवत नाही. मग कला शाखेच्या पदवीधरांना उभं राहायला सांगितलं. खुर्च्यांचा एकच मोठा आवाज झाला आणि काळ्या झग्यांची भिंत उभी राहिली. त्या भिंतीत एका ठिकाणी खाच होती, तिथं आई होती. मागून फक्त तिचा अंबाडा दिसत होता, त्यावर आत्यानं खोवलेला अबोलीचा गजरा. कुलगुरूंनी वाक्य म्हटलं, टाळ्या सुरू झाल्या. मी बाबांकडे पाहिलं. ते टाळ्या वाजवत नव्हते. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसले होते आणि रडत होते. आत्या मात्र दोघांच्या वाटणीच्या टाळ्या वाजवत होती.

बाहेर पदवीची नळी हातात घेऊन आई थेट कमानीकडे निघाली. झगा वर धरून, भरभर, आम्हाला मागे टाकून. कमानीखाली फोटोवाल्यांची गर्दी होती. आई पलीकडे जाऊन उभी राहिली, नावाची अक्षरं दिसतील अशी. आत्याला वाचता येत नाही. आईनं तिचं बोट धरलं, वर केलं, आणि पहिलीच्या मुलांना शिकवते तसं एकेका अक्षरावरून फिरवत नाव वाचलं. आत्या मागून म्हणत गेली. पूर्ण नाव झाल्यावर आत्या म्हणाली, “पुन्यांदा.” आईनं पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा आजूबाजूचे दोघे-तिघे अनोळखी लोकही त्यांच्याबरोबर म्हणू लागले. हसत, मुलांसारखे.

मी शेजारी उभी होते. माझे ओठ हलले, आवाज काही निघाला नाही.

फोटोत आई मध्ये आहे. झग्याच्या कडेला आत्याच्या पिना चमकतात.

दुपारी स्टँडवर आलो तेव्हा बाबा मिठाईच्या दुकानाकडे वळले. आईनं त्यांना थांबवलं. झगा परत गेला होता आणि ती पुन्हा डबा धरलेली झरीची बाई झाली होती.

“पेढे नका घेऊ.”

“का गं? आज तर खरे पेढे.”

“म्हणूनच. पुन्हा कुणी विचारील. खरं कळल्यावर एखाद्यानं पेढ्याला पुढं केलेला हात मागं घेतला, तर आजचा दिवस खराब होईल माझा.”

“सकाळी तर कमानीखाली शाळा भरवलीस,” आत्या म्हणाली.

“तिथं सगळे आपले होते, अक्का.”

बाबा मात्र दुकानात जाऊन अर्धा किलोचा पुडा घेऊन आले आणि माझ्या पर्सवर ठेवला. गाडीत चढताना आईनं पदवीची नळीही माझ्याकडे दिली. “धर तू. तुझ्या हातात शोभते. कुणी विचारलं तर हो म्हण, विषय संपतो.”

गाडी कालचीच होती, ड्रायव्हर-कंडक्टरही तेच. रात्रीचा मुक्काम करून परत निघालेले. मी खिडकीशी बसले, नळी आणि पुडा मांडीवर. शहर संपलं, धाबे संपले, ज्वारीची रानं लागली. बाबा सवयीनं विजेचे खांब बघत होते. आत्याचा डोळा लागला होता. आई समोरच्या सीटच्या पाठीकडे पाहत होती आणि तिच्या केसांत अबोली अजून ताजी होती.

मला सकाळची ती खाच आठवत होती, आणि माझ्या खांद्यांवर टाकलेला झगा. तो मला अगदी बरोबर बसला होता. काल गाडीत मी बी.ए. होऊन बसले, त्यात मला फार काही वाटलं नव्हतं. मी तर नेहमीच गप्प असते. पण नळी फार हलकी होती. इतकी हलकी वस्तू घ्यायला सात वर्षं थांबलेली बाई माझ्या शेजारी बसून ती मला देऊन टाकत होती.

जालन्याला गाडी भरली. बायका, पोती, उभी माणसं. तिकिटं फाडत कंडक्टर आमच्यापर्यंत आला आणि नळी बघून खूश झाला.

“आली का ताई डिग्री घेऊन?” तो मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाला. “मग आजचे पेढे कुठायत?”

माणसं वळून पाहू लागली. पुढच्या सीटवरच्या बाईनं मुलाला उचलून मला दाखवलं, “बघ, ताईवानी शिकायचं.” आईनं माझं मनगट हळूच दाबलं. तिला काय म्हणायचंय ते मला कळलं. एकदा मान हलवली की झालं असतं.

मी उठून उभी राहिले. गाडी हलत होती म्हणून वरचा दांडा धरला. पदवीची नळी आईच्या मांडीवर ठेवली आणि एका हातानं पुडा उघडला. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, फार मोठा, पण तो आता आवरता येत नव्हता.

“दादा, डिग्री माझी नाही. माझ्या आईची आहे. ही माझी आई. झरीच्या शाळेत शिकवते. सात वर्षांपूर्वी बी.ए. झाली, पण नामांतर होईपर्यंत तिनं पदवी घेतली नव्हती. आज घेतली. घ्या, पेढा घ्या.”