व्हॅनकाका पायी निघाले

शाळेच्या पोरांची ने-आण करण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं, म्हणून सगळे त्यांना व्हॅनकाकाच म्हणत. दूध आणायचं झालं तरी गाडी काढणारा माणूस!

एका सकाळी पुलाजवळ व्हॅनने मान टाकली. आत आठ पोरं, आणि शाळा भरत आलेली. काकांनी मनाचा हिय्या केला, सगळ्यांना उतरवलं, एकमेकांचे हात धरायला लावले आणि निघाले.

मोठ्या चौकात मात्र तेच कडेला थबकले. रोज याच चौकात हॉर्न वाजवत ते गाडी पुढे रेटायचे. पायी माणसाला तो रस्ता केवढा रुंद वाटतो, ते आज कळलं. हात वर करून ते उभे राहिले. एका टेम्पोवाल्याने ब्रेक दाबला, मागच्या गाड्या थांबल्या आणि अख्खी रांग पार झाली. पलीकडे पोचताच पोरांनी एकच कल्ला केला. व्हॅनमध्ये जिला रोज मळमळायचं ती शिंप्याची लेक सगळ्यांत पुढे, गाल लालबुंद. त्या दिवशी तिने डबा चाटूनपुसून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी व्हॅन दुरुस्त होऊन दारात उभी, पण आत बसायला कोणी तयार होईना.

"काका, आज पण चालत!"

काकू हसून म्हणाल्या, "घ्या! स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतलात."

आयांना रहदारीची धास्ती होती. तेव्हा शिंपी म्हणाला, दुकान उघडण्याआधी मी येतो सोबत. काकांनी पोरांना बजावलं: कडेने चालायचं, चौकात पळायचं नाही, गाडी पुरती थांबल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. मग गल्लीगल्लीतून पोरं येऊन मिळू लागली. मोठी पोरं हेल्मेट घालून सायकलींवर, एकामागे एक. लांबच्यांना काका व्हॅनने पुलापर्यंत आणत, तिथून सगळेच पायी. धंदाही टिकला, काकांचं पोटही उतरलं.

शेवटी मुख्याध्यापिकांनी खटपट करून शाळेपुढची गल्ली सकाळी गाड्यांना बंद करून घेतली. पहिल्या दिवशी पोरं रस्ताभर पसरली, सायकलींच्या घंट्यांचा नुसता गजर. काका मधोमध उभे होते. ऊर भरून आला होता, पण तोंडाने एवढंच म्हणाले, "चला, चला, उशीर होतोय."