हळदीकुंकवाच्या वाणात तांब्याच्या गोळ्या

माझ्या आईने एका रविवारी दुपारी जपानमधल्या सेंदाई शहरातल्या सहा सवाष्णींना बंदुकीच्या गोळ्या वाण म्हणून दिल्या. हळदीकुंकू लावून, तिळगूळ देऊन, अगदी रीतसर.

यात आईची काहीही चूक नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण घरात हा विषय निघाला की मुग्धा (माझी बायको) पहिल्यांदा माझ्याकडून हेच वाक्य वदवून घेते.

दोन हजार अकराच्या मोठ्या भूकंपानंतरचा चौथा की पाचवा हिवाळा असेल. मी तिथल्या विद्यापीठात धातुशास्त्रात पोस्टडॉक, म्हणजे करारावरचा संशोधक होतो. आमच्या ओनोदा-सेन्सेईंनी म्हणजे प्रोफेसरांनी एक प्रकल्प घेतला होता: हरणांच्या शिकारीसाठी शिशाऐवजी अख्ख्या तांब्याची गोळी. शिशाच्या गोळीने पडलेलं हरीण गरुड खातात आणि विषबाधेने मरतात. तांब्याचा तो त्रास नाही. पण तांबं पडलं कडक! गोळी आत शिरताना तिचं टोक फुलासारखं उमललं तर जनावर जागीच पडतं. लांबून मारली की वेग कमी झालेला असतो. टोक उमललंच नाही तर गोळी आरपार जाते आणि बिचारं जनावर जखमी होऊन रानात तडफडत फिरतं. तेव्हा किती लांबून मारली तरी उमलते, एवढंच शोधायचं होतं.

गोळ्या झाडायचं काम कुमागाइ-सान करत. पंचाहत्तरीचे, परवाना असलेले जुने शिकारी, काडतुसंही स्वतःच भरणारे. बंदुकीला बोट लावायची आम्हाला परवानगी नव्हती. माझ्याकडे शास्त्रीय काम होतं, म्हणजे पाणी भरायचं! भूकंपानंतर विद्यापीठाने वीस-वीस लिटरचे पाण्याचे कॅन साठवून ठेवले होते, त्यातले मुदत संपलेले आम्हाला मिळाले. ते मी बर्फात ओळीने मांडायचे, कुमागाइ-साननी पन्नास, शंभर, दोनशे आणि तीनशे मीटरवरून प्रत्येकी दोन गोळ्या मारायच्या, आणि फुटक्या कॅनांत हात घालून मी त्या शोधायच्या. (पीएच.डी.चं प्रमाणपत्र फ्रेम करून घेतलं होतं, ते त्या दिवसांत मी भिंतीकडे तोंड करून ठेवलं.)

शनिवारी आठही गोळ्या हाती आल्या. सोमवारी बैठक होती. शिकाऱ्यांच्या संघटनेचे लोक आणि सरकारी अधिकारी येणार, आणि निष्कर्ष मी मांडायचे. माझा करार मार्चअखेर संपत होता. त्याबद्दल विचारलं तर सेन्सेई म्हणाले, "सोमवारनंतर बोलू." जपानी माणूस "नंतर बोलू" म्हणाला की त्याचा अर्थ बहुधा "नाही" असतो, हे तिथे राहिलेल्यांनाच विचारा.

नियमाप्रमाणे गोळ्या प्रयोगशाळेत कुलूपबंद करायच्या होत्या. पण बर्फ पडत होतं, बस उशिरा होती आणि बोटं बधिर झाली होती. घरी नेऊ, रविवारी निवांत फोटो काढू, असं म्हणून मी त्या घरी आणल्या. प्रत्येक गोळी वेगळ्या छोट्या पिशवीत, पिशवीवर निळ्या पेनने अंतर लिहिलेलं. त्या मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवल्या.

आई तेव्हा साताऱ्याहून आमच्याकडे आली होती. घरात मुंगी निघाली तरी तिला कागदावर घेऊन बाहेर सोडणारी बाई! तिला मी "गरुड वाचवायचं काम करतो" एवढंच सांगितलं होतं. बंदूक हा शब्द उच्चारायची माझी छाती झाली नव्हती.

"काय रे हे?" तिने पिशवी उजेडाकडे धरून विचारलं.

"तांब्याची फुलं आहेत."

"इतकी काळी?"

"प्रयोगातली आहेत गं."

"तुमच्या प्रयोगशाळेत चिंच मिळत नाही वाटतं."

मी हसलो. तिथे हसायला नको होतं.

रविवारी आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वाणासाठी आईने स्टीलच्या वाट्या घेतल्या होत्या, पण विमानतळावर बॅगेचं वजन जास्त भरलं आणि वाट्या साताऱ्याला परत गेल्या. म्हणून मुग्धाने भांडी घासायचे स्पंज आणले, गुलाबी, हृदयाच्या आकाराचे.

"सवाष्णीला घासणी द्यायची?" आईचा आवाज चढला.

"आई, इथे सगळ्या असंच काहीतरी देतात. तुम्ही नका मनावर घेऊ."

"देऊ देत. माझ्या हातून नाही जायची घासणी."

एवढं ऐकून मी दूध आणि फुलं आणायला सटकलो. स्टेशनपर्यंत गेलो, दूध घेतलं, फुलं घेतली, एक कॉफीही प्यायलो. (ही कॉफी मुग्धाला आजतागायत माहीत नाही.) परत आलो तर हळदीकुंकवाहून निघालेल्या देशमुखवहिनी जिन्यात भेटल्या.

"भाऊजी, यंदाचं वाण काय सुरेख हो! शुद्ध तांबं!"

त्यांनी मूठ उघडली. तळहातावर लखलखीत गोळी, पाकळ्या उमललेली! हातातल्या दुधासकट मी दोन-दोन पायऱ्या चढत वर धावलो.

घरात समई तेवत होती. देवापुढे दोन गोळ्या, प्रत्येकीवर हळद आणि कुंकू. आई प्रसन्न.

"आई, बाकीच्या कुठायत?"

"दिल्या की. चिंच-मीठ लावून घासल्या, बघ कशा निघाल्या! तुझ्या सरांच्या मिसेस आल्या होत्या, त्यांना सगळ्यात फुललेलं दिलं."

"आणि पिशव्या?"

"धुऊन वाळत घातल्या."

हीटरसमोरच्या दोरीवर आठ पिशव्या चिमटे लावून लटकत होत्या. स्वच्छ, पारदर्शक.

"त्यांना निळं काहीतरी लागलं होतं," आई म्हणाली, "जाता जाईना. शेवटी त्या गुलाबी घासणीने गेलं हो."

"आई! त्या बंदुकीच्या गोळ्या होत्या!"

आई खाली बसली. "जनावराच्या अंगातल्या?"

"नाही, नाही, पाण्यातल्या. आम्ही पाण्याच्या कॅनवर मारल्या."

"मग मला फुलं का म्हणालास?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं; तिने उठून देवापुढच्या दोन गोळ्या माझ्या हातात ठेवल्या आणि मला खरोखर लाज वाटली.

मुग्धा अशा वेळी वेळ घालवत नाही. तिने ग्रुपवर संदेश टाकला: "मुलींनो, वाण ताबडतोब परत करा, तो विज्ञानाचा पुरावा आहे." मी बसने आणि मेट्रोने फिरून पाचही जणींकडून गोळ्या गोळा केल्या. एक तुळशीच्या कुंडीत रोवलेली होती. एक अंबाड्यात खोचली होती, ती काढून देताना बाईंनी मला तिळगूळही दिला. देशमुखवहिनी तर दारातच म्हणाल्या, "दिलेलं वाण परत मागणारे तुम्ही पहिलेच हो, भाऊजी!" राहिली सहावी, सेन्सेईंच्या बायकोकडची. त्यांना वाण देताना आमच्या सात वर्षांच्या सईने जपानीत समजावून सांगितलं होतं, "हे बाबांच्या लॅबमधलं फूल आहे." आणि त्यांच्याकडून परतभेट म्हणून मिठाईची पेटी संध्याकाळपर्यंत घरी आलीसुद्धा! आता कुठल्या तोंडाने मागणार?

सात गोळ्या टेबलावर मांडून मी बसलो. कुठली किती मीटरवरची, पत्ता नाही. मग माझ्यातला तज्ज्ञ जागा झाला. छान उमललेल्या त्या जवळच्या, थोट्या राहिलेल्या त्या लांबच्या. यात अवघड काय? मी कागदावर भराभर अंतरं लिहिली आणि एकेक गोळी त्यावर ठेवत गेलो.

"आठवतंय का तुला?" आईने मागून विचारलं.

"नाही, अंदाज आहे. पण पक्का."

"मग उद्या अंदाज म्हणूनच सांग. फुलं म्हणून एकदा झालंय."

सोमवारी बैठकीत मी सगळं सांगितलं. चिंच, पिशव्या, हळदीकुंकू, सगळं. ("सवाष्ण" समजावून सांगायलाच माझी पाच मिनिटं गेली.) मग कमरेतून पूर्ण वाकलो आणि तसाच राहिलो, कारण सरळ झालो असतो तर कोणाचा तरी चेहरा बघावा लागला असता. सेन्सेईंनी खिशातून एक रेशमी बटवा काढला आणि आठवी गोळी टेबलावर ठेवली.

कुमागाइ-साननी ती उचलली, चष्मा लावला, उलटी केली आणि तिच्या बुडाकडे पाहत मोजलं, "एक, दोन, तीन, चार. ही तीनशे मीटरची."

"तुम्हाला कसं कळलं?" सेन्सेई पुढे सरकले.

"काडतूस भरताना मी कानशीने खाचा पाडतो. पन्नासला एक, शंभरला दोन, दोनशेला तीन, तीनशेला चार. तरुण शास्त्रज्ञांच्या पेनावर माझा विश्वास नाही." मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "काजळीखाली दिसत नव्हत्या. तुमच्या आईने फार स्वच्छ घासल्यात."

एकेक गोळी उलटली गेली. तीनशे मीटरच्या दोन्ही गोळ्या पाकळी न् पाकळी उमललेल्या! थोट्या होत्या त्या पन्नास मीटरच्या. जवळून इतक्या जोरात आदळल्या होत्या की पाकळ्याच तुटून गेल्या होत्या. म्हणजे गोळी लांबूनही काम करत होती. म्हातारे शिकारी टाळ्या वाजवायला लागले आणि मीही घाम पुसत त्यांच्यात सामील झालो.

तेवढ्यात सेन्सेईंना माझा कागद दिसला. वर मोठ्या अक्षरांत "अंदाज" लिहिलेला. त्यांनी लाल पेन काढलं आणि सगळ्यांसमोर तो शांतपणे तपासला. सातांपैकी एक बरोबर. डोळे मिटून लिहिलं असतं तरी दोनेक बरोबर आली असती!

मार्चमध्ये करार वाढवल्याचा कागद आला. मुदत एक वर्ष. मुदतवाढीच्या कारणाच्या रकान्यात इतरांसाठी "उल्लेखनीय संशोधन" वगैरे असतं. माझ्या रकान्यात सेन्सेईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: "यांना अजून बरंच शिकायचं आहे."

आईने तो कागद सईकडून दोनदा वाचून घेतला आणि समाधानाने मान डोलावली. "चांगला माणूस आहे हो तुझा सर," ती म्हणाली, "खरं ते लिहिलं."