फुगवून तीस

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे माझी अब्रू जायची आहे. आणि ती कुणी दुसऱ्यानं नाही, मीच घालवली, बरं का.

टेरिकॉटचे तंग शर्ट आले तेव्हाची गोष्ट. मी नुकताच रसायनीला कारखान्यात लागलेलो, अंगानं अगदी काडी. खोपोलीत शिळफाट्यावर महादू टेलरचं दुकान होतं. त्याची पुतणी कमळ तिथं काजं-बटणं करायची आणि मापं वहीत लिहून घ्यायची. आता तुमच्यापासून काय लपवायचं, शर्ट हे निमित्त होतं.

पण महादूनं छातीला टेप लावली आणि भर दुकानात आकडा सांगितला, "अठ्ठावीस!" कमळनं खाली मान घालून लिहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही आता कुणाकुणाला सांगेल?

दोन दिवसांनी तिच्या दारावरून जात होतो. शेजारीण तिच्या आईला विचारत होती, "अठ्ठावीस पक्की का गं?"

"पक्की. आता पुढं जायची नाय."

पुढं जायची नाय? माझी छाती? अहो, यांना कुणी विचारलं होतं?

मग काय, मला सगळीकडे तेच ऐकू यायला लागलं. महादू वाण्याला सांगतोय, अठ्ठावीस धरूनच चाल. टपरीवर कुणी हसलं की मी श्वास कोंडून उभा. रोज पन्नास जोर काढले. दंड दुखले, छाती होती तिथंच राहिली.

शर्ट आणायला गेलो तर दुकानात चार बायका. कमळ त्यांना हळूच म्हणाली, "अठ्ठावीस, ध्यानात ठेवा हां."

माझं डोकं फिरलं. "अठ्ठावीस असली म्हणून काय झालं? फुगवली की तीस होते!"

महादूचं मशीन थांबलं.

"काय फुगवली?" कमळनं विचारलं.

"छाती," मी म्हणालो. "माझी."

तिनं गोंधळून एक पत्रिका पुढे केली. वर माझं नाव, आत तिच्या लग्नाची तारीख. माझं माप ती कधीच विसरली होती. आता मात्र सहा जणांना पाठ झालं.

मी पत्रिका घेऊन निघालो तशी पदरानं तोंड झाकत ती म्हणाली, "अठ्ठावीसलाच या हां. फुगवून तीसला आलात तर जेवण नाय उरायचं."