असिस्टंट चालेल

गुरुनाथ वानखेडे अमेरिकेत, ईडन प्रेरी गावातल्या भारतीय दुकानात मेथी विकतात. दुकान त्यांचं नाही, ते तिथे कामाला आहेत. त्याआधी कितीतरी वर्षं ते एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होते. एके दिवशी कंपनीनं त्यांची अख्खी टीमच बंद केली. साठीच्या माणसाला पुन्हा कोण घेणार? मूलबाळ नाही. घरी ते आणि रत्नाकाकू.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. लग्न करून पुण्याहून आले. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. दुकानात पहिल्यांदा भेटलो तेव्हा काकांनी विचारलं, "काय शिकलीस?"

"एम.ए. मराठी."

"बाप्पा! मग इथे काय, खारींना व्याकरण शिकवणार?"

एवढं बोलून ते आत गेले आणि माझ्यासाठी मेथीची ताजी जुडी घेऊन आले. ते नागपूरचे. पुणेकरांना चिडवल्याशिवाय त्यांना भाजी देता येत नाही.

काकांना जुना डायबेटिस आहे. पायांना फारसं जाणवत नाही. थंडी सुरू झाल्यावर त्यांनी बर्फासाठी नवे बूट घेतले. बुटानं करंगळी घासली, ते त्यांना कळलंच नाही. काकूंनी मोजे धुवायला घेतले तेव्हा डाग दिसला.

"अहो, हे काय?"

"बूट नवा आहे. चावतो जरा."

"जरा? इकडे करा पाय."

करंगळीच्या बाहेरच्या बाजूला जखम होती. कडा पांढऱ्या पडल्या होत्या. काकूंनी हळद लावली. आठवड्यानं जखम होती तशीच होती, उलट थोडी खोल वाटत होती.

जुन्या डॉक्टरांकडे जाता येत नव्हतं. नोकरी गेली तेव्हा तिच्याबरोबर विमाही गेला. आता काकांकडे सरकारी विमा आहे, कमी उत्पन्न असणाऱ्यांना मिळतो तो. जुन्या क्लिनिकमध्ये तो चालत नाही. महाराष्ट्र मंडळात हे कुणाला ठाऊक नव्हतं. कार्ड पाकिटात लायब्ररीच्या कार्डामागे असायचं.

फोन मी करायचे असं ठरलं. काका फोनवर चिडतात. काकूंना भराभरा बोललेलं इंग्रजी कळत नाही. विम्याच्या वेबसाइटवर जवळच्या डॉक्टरांची नावं भरपूर होती. त्यातले एक निवृत्त झाले होते. एक लहान मुलांच्या निघाल्या. एक नंबर गालिचे धुणाऱ्याचा होता. बाकी ठिकाणी या विम्याचे नवे पेशंट घेणं बंद होतं. सगळे फार गोड बोलायचे. नाही म्हणायचे, दिवस छान जावो म्हणायचे, फोन ठेवायचे.

मग एक छोटं क्लिनिक सापडलं. पेट्रोल पंपामागे, सोमाली किराणा दुकानाला लागून. फोनवरची बाई म्हणाली, विमा चालतो. डॉक्टरांकडे जागा नाही, पण आमच्या पी.ए. परवा बघू शकतील.

मी फोनवर हात ठेवला. "काका, परवा मिळतेय. पी.ए.कडे."

"पी.ए. कोण? मंत्र्याचा असतो तो?"

"फिजिशियन असिस्टंट."

"म्हणजे कंपाउंडर."

"तसं नसेल हो," काकू म्हणाल्या.

"तसंच असतं. सीताबर्डीला आमच्या डॉक्टरांकडे एक होता. बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवायचा. डॉक्टर जेवायला गेले की खुर्चीत बसून लोकांना जीभ बाहेर काढा म्हणायचा." काका हसले. मग गंभीर झाले. "सरकारी कार्ड आहे म्हणून असिस्टंट देतात का? डॉक्टर पाहिजे म्हणून सांग तिला."

मी सांगितलं. डॉक्टरांकडे एप्रिलमध्ये मिळेल, ती म्हणाली. तोवर चालेल का?

"चालेल म्हण. करंगळी तर आहे. करंगळीवाचून काय अडतं?"

पी.ए. म्हणजे नेमकं काय, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. एप्रिलची तारीख काकूंनी फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहिली. काका रोज दुकानात उभे राहत होते.

जानेवारीत काकूंनी हळदीकुंकू केलं. काका सोफ्यावर बसले होते, पायावर शाल. चैत्राली नावाची एक मुलगी वाण घेऊन निघाली होती, तिचं लक्ष गेलं. तिचा नवरा इथल्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये आहे. काकूंनी तिला पाय दाखवला. करंगळी जांभळी झाली होती. वासही येत होता, उदबत्तीतूनही.

"काका, हे दाखवलं का कुणाला?"

"एप्रिलमध्ये आहे न अपॉइंटमेंट. ते कंपाउंडर देत होते. मी नाही म्हटलं."

चैत्राली खाली बसली. "काका, पी.ए. कंपाउंडर नसते हो. शिकलेली असते. तपासते, औषध लिहून देते. माझ्या मुलांना मी पी.ए.कडेच नेते."

काकूंनी शाल परत पायावर ओढली.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. कुणी उचलला नाही. मग आम्ही गाडी काढून गेलोच. काकांच्या त्या पायात बूट जात नव्हता. काकूंनी दोन लोकरी मोजे चढवले, वर प्लास्टिकची पिशवी बांधली. पार्किंगमध्ये बर्फ होता. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून चालले. जड लागत होते.

खिडकीशी फोनवरचीच बाई होती. आवाजावरून ओळखली. काका खिडकीवर वाकले. इस्त्रीचा शर्ट घातला होता त्यांनी.

"आय विल सी द असिस्टंट," ते म्हणाले. "असिस्टंट इज ओके. आय डोन्ट नीड डॉक्टर."

त्या बाईनं मान हलवली. पी.ए.कडेही आता या विम्याचे नवे पेशंट घेणं बंद झालं होतं. कधी सुरू होईल, सांगता येत नव्हतं.

"शी कॅन सी फॉर फाइव्ह मिनिट्स. आय विल वेट."

"सर, आय ॲम सो सॉरी."

"एनी असिस्टंट," काका म्हणाले.

मागे एक बाई बाळाला घेऊन उभी होती. आम्ही बाजूला झालो. खिडकीतली बाई मला हळूच म्हणाली, हे जास्त वाटत असेल तर इमर्जन्सीत न्या. मी काकांना सांगितलं.

"इमर्जन्सी म्हणजे ज्याला ट्रकनं उडवलं त्याला," काका म्हणाले. "घरी चल."

मी घरी नेलं. रविवारी त्यांना थंडी वाजून ताप भरला. काकूंनी त्यांना काही विचारलं नाही. त्यांच्या पायावर परत पिशवी बांधली, कोट घातला, माझं दार वाजवलं.

हॉस्पिटलमध्ये सगळे धावले. तिथे कार्डावरून कुणी नाही म्हटलं नाही. पिशवी कापली, मोजे कापले. संध्याकाळपर्यंत करंगळी काढली होती. शेजारचं बोट राहतं का ते बघायचं होतं. काका जागे झाले तेव्हा काकू त्यांचा दुसरा पाय धरून बसल्या होत्या, पांघरुणावरून.

घरी सोडताना नर्सनं सांगितलं, आठवडाभरात तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना जखम दाखवा. डॉक्टर किंवा पी.ए., कुणीही चालेल. कोण आहेत तुमचे?

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी नर्सकडे.

"नाहीत कुणी," मी म्हणाले.

तिनं डॉक्टर शोधून देणाऱ्या एका ऑफिसचा नंबर दिला. तिथे आमचं नाव यादीत घेतलंय. मी रोज सकाळी फोन करते. क्लिनिकलाही करते.

ड्रेसिंग काकू करतात, नर्सनं दाखवलं तसं. हात धुतात, टेबल पुसतात, वर्तमानपत्र पसरतात. मी टॉर्च धरते. काका छताकडे बघतात आणि दुकानात मेथी कोण निवडत असेल, ती पिवळी पडली असेल, असं काहीतरी बोलत राहतात.

काल काकूंनी पट्टी सोडली. टाक्यांच्या बाजूनं लाली होती. परवा ती एवढी नव्हती, असं मला वाटलं. काकूंना वाटलं, होती. त्यांनी चष्मा पुसून परत घातला.

"यामिनी, ही लाली भरून येण्याची की पसरण्याची?"

मी टॉर्च जवळ नेला. आम्ही दोघी वाकून बघत राहिलो.