रोपं जळाली, असंच लिही

आमच्या हडपसरच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मॅडम विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टचा गोषवारा आधी वाचत नसत. "कागद ठेव आणि सांग," म्हणत आणि डोळे मिटून ऐकत.

यंदा लोणी काळभोरहून येणाऱ्या एका मुलीने सांगितलं, "नव्या खताने टोमॅटोची रोपं जोमाने वाढली."

मॅडमनी डोळे उघडले. "वाढली?"

"नाही, जळाली. पण तसं लिहिलं तर मार्क जातील."

"जळाली, असंच लिही."

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं. मुलीआधी मॅडमच बोलल्या, "खताचं प्रमाण मी सांगितलं होतं. चूक माझी आहे."

परीक्षकांनी मान डोलावली. मुलगी चांगल्या मार्कांनी पास झाली आणि पेढे घेऊन आली.

"पेढे ठेव तिकडे," मॅडम म्हणाल्या. "आधी सांग, खत किती घालायला हवं होतं?"